खाणीतल्या आजोबांचा माग: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

राजूर, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, सास्ती या कोलियरी-वस्त्यांमधून (कोलियरी म्हणजे कोळशाची खाण) आणि पेंच-कन्हानच्या दफायांमधून, म्हणजे खाणकामगारांच्या वस्त्यांमधून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमचे आजोबा राजूर कोलियरीत होते, एवढंच माहीत आहे. १९७९ मध्ये निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. घरात एक पितळी बिल्ला, तीन पगारपावत्या आणि पीएफचं एक जुनं पत्र आहे. सुरुवात कुठून करायची? (वणी तालुका)

आधी खाण नक्की करा, मग माणूस. लोक थेट नाव घेऊन कार्यालयात जातात आणि रिकाम्या हाताने परततात, कारण तिथले कागद खाणीनुसार लावलेले असतात. ‘राजूर कोलियरी’ हे घरात बोललं जाणारं नाव झालं. एकाच वस्तीच्या आसपास दोन-तीन पिट (खाली उतरायची उभी विहीर) आणि इन्क्लाइन (उताराची वाट) असायचे, आणि कामगार एकातून दुसऱ्यात जायचा. म्हणून एका कागदावर पाच गोष्टी लिहून काढा: खाण, पिट किंवा इन्क्लाइन, साधारण वर्षं, काम कोणतं, आणि नंबर.

वर्षं ठरवायला पावतीच्या डोक्यावरचं नाव पुरतं. खासगी कंपनीचं नाव असेल तर पावती जानेवारी १९७३ च्या आधीची. बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचं व्यवस्थापन सरकारने १९७३ च्या जानेवारीअखेरीस हातात घेतलं आणि १ मे १९७३ पासून त्या राष्ट्रीयीकृत झाल्या. ‘कोल माइन्स अथॉरिटी’ छापलेलं असेल तर १९७३ ते १९७५. ‘वेस्टर्न कोलफिल्ड्स’ असेल तर १९७५ नंतरची. ‘एनसीडीसी’ (राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ) दिसलं तर ती आधीपासूनच सरकारी खाण, उमरेडसारखी. एक सावधगिरी ठेवा: जुने छापील फॉर्म संपेपर्यंत वापरले जायचे आणि वर नुसता रबरी शिक्का मारला जायचा. शिक्का आणि छपाई वेगवेगळी असेल तर शिक्का खरा धरा.

बिल्ल्यावरचा आकडा पावतीवरच्या नंबरशी ताडून पाहा. जुळला तर ते हजेरीचं टोकन. नाही जुळला तर तो बत्तीघराचा, म्हणजे दिव्याचा नंबर असू शकतो. दिव्याचा नंबर माणसाला कायमचा चिकटलेला नसायचा, त्यामुळे त्यावरून शोध घेऊ नका.

पावतीवर ‘कॅट-१’, ‘कॅट-४’ असं काही असेल तर ती रोजंदारीची श्रेणी.  ‘पीस रेटेड’ असेल तर आजोबा लोडर (कोळसा भरणारा), मलकट्टा (कोळसा तोडणारा) किंवा ट्रामर (टब ढकलणारा) असण्याची शक्यता जास्त. त्यांची मजुरी टबावर, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाडीवर ठरायची. पंप खलाशी, टिंबरमन, हॉलेज खलाशी, बँक्समन हे ठरावीक रोजावर असत. ‘सरदार’, ‘शॉटफायरर’ किंवा ‘ओव्हरमन’ लिहिलेलं असेल तर तुम्ही नशीबवान आहात. या कामांना परीक्षा देऊन मिळणारं सर्टिफिकेट लागतं, त्यावर नंबर आणि तारीख असते आणि त्याची नोंद खाण सुरक्षा खात्याकडे असते. घरातल्या ट्रंकेत ते सर्टिफिकेट आहे का, पुन्हा एकदा बघा.

मालक कोण होता हे शोधायला सर्वांत सरळ साधन म्हणजे १९७३ चा कोळसा खाणी राष्ट्रीयीकरण कायदा. त्याच्या परिशिष्टात सातशेवर खाणींची यादी आहे: खाणीचं नाव, ठिकाण, मालकाचं नाव-पत्ता आणि त्याला दिलेली रक्कम. कायदा आता रद्द झालेला आहे, पण जुनी प्रत जिल्हा बार लायब्ररीत सापडते. यादीत एकाच नावाच्या खाणी असतात, तेव्हा जिल्हा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एनसीडीसीच्या खाणी या यादीत नाहीत, त्या आधीच सरकारच्या होत्या.

आता मुख्य कागद: फॉर्म बी. खाण कायद्याखाली ठेवलेलं हे कामगारांचं रजिस्टर. त्यात नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, मूळ गाव-ठाणं-जिल्हा, कामाचा प्रकार, कामावर लागल्याची तारीख, सुटल्याची तारीख आणि सही किंवा अंगठा असतो. एका ओळीत एवढा कुटुंब-इतिहास दुसऱ्या कुठल्याच कागदात नाही. फॉर्म सी, डी, ई ही हजेरीची रजिस्टरं (जमिनीखालची, खुल्या खाणीची, वरची). ती जपून ठेवलेली क्वचितच असतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

खाण बंद झालेली असली तरी रजिस्टर बहुतेकदा शेजारच्या चालू खाणीकडे किंवा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या एरिया कार्यालयाच्या कार्मिक विभागाकडे गेलेलं असतं. पहिली फेरी साध्या अर्जाने मारा. सोबत मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद आणि पावतीची झेरॉक्स न्या. काम झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्जात ‘माझ्या आजोबांची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर नकार ठरलेला. असं लिहा: “अमुक खाणीच्या फॉर्म बी रजिस्टरमधील, अमुक टोकन नंबरच्या कामगाराची नोंद असलेल्या पानाची प्रमाणित प्रत, त्याच कामगाराच्या सर्व्हिस शीटची प्रत, आणि ते रजिस्टर पाहण्याची परवानगी.” शेवटचा मुद्दा सोडू नका. पाहणीचा पहिला तास फुकट, नंतर तासाला पाच रुपये. बाबूला न सापडलेलं नाव घरच्या माणसाला सापडतं, कारण चुकीच्या स्पेलिंगमधून ते ओळखण्याची नजर त्याच्याकडेच असते. ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि दोनच गोष्टी मागा: खाण बंद होताना रेकॉर्ड कुणाकडे सोपवलं त्याची यादी, आणि नष्ट केलं असेल तर तो आदेश. या मागणीनंतर रजिस्टर ‘सापडल्याची’ उदाहरणं कमी नाहीत.

पीएफचं पत्र वेगळ्या वाटेने उपयोगी पडतं. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९४८ चा, मुख्य कार्यालय धनबादला, आपल्या भागासाठी नागपूरला कार्यालय आहे. पत्रावरचा खातेक्रमांक जसाच्या तसा, तिरप्या रेघांसकट उतरवा. तिथे मागायचा तो नॉमिनेशनचा कागद. त्यात बायको-मुलांची नावं आणि तेव्हाची वयं असतात. लहानपणीच गेलेल्या मुलाचं नावही कधीकधी तिथेच पहिल्यांदा कळतं.

प्रश्न: फॉर्म बीचं पान मिळालं, पण नाव ‘सोमा राघो’, आडनाव गायब. वय ३० लिहिलंय, घरच्या हिशेबाने ते चाळिशीचे होते. जन्मतारीख दुसऱ्या कागदावर १ जुलै. हे आमचेच आजोबा का? (घुग्घुस)

बहुतेक तेच. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी खाणीच्या कागदात नेहमीच्या आहेत.

‘सोमा राघो’ म्हणजे सोमा, बापाचं नाव राघो. जुन्या रजिस्टरात आडनाव लिहायची पद्धत नव्हती. कुठे कुठे आडनावाच्या जागी जात येते. लिहिणारा बाबू हिंदी किंवा बंगाली बोलणारा आणि लिहायचं इंग्रजीत, त्यामुळे ‘व’चा ‘ब’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ किंवा ‘र’ होतो, ‘ण’ तर हमखास जातो. वानखेडेचा बानखेरे होतो. शोधताना आधी संभाव्य स्पेलिंगची यादी करा आणि गावाच्या रकान्यावरून खाली या. माणसांची नावं शंभरात वीस सारखी निघतात. नाव, बाप आणि गाव हे तिन्ही एकत्र जुळणं दुर्मीळ.

वय हे अंदाजाने टाकलेलं असतं, म्हणून २५, ३०, ३५ अशी गोल वयं फार दिसतात. शिवाय कमी सांगण्यात कामगाराचा फायदा असायचा: सुदृढ दिसला पाहिजे आणि नोकरी लांबली पाहिजे. पोरसवदा असेल तर उलटं, वय वाढवून सांगायचं. १९२३ च्या कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांना खाणीत बंदी केली, १९३५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १५ वर आणली. त्या काळात लागलेल्या मुलाचं वय नेमकं मर्यादेवर किंवा थोडंसं वर दिसलं तर वर्ष-दोन वर्षं वजा करून बघा.

१ जुलै ही तारीख कुणाच्याच जन्माची धरू नका. नुसतं वर्ष माहीत असेल तर १ जुलै आणि महिना-वर्ष माहीत असेल तर १६ तारीख टाकायची, हा नोकरशाहीचा नियम. १९८८ च्या सुमारास वयाच्या वादांसाठी कोळसा कंपन्यांत ‘आय. आय. ७६’ नावाची सूचना लागू झाली, त्याखाली मेडिकल बोर्डानेही वयं ठरवली. त्याच्या आधी, १९८७ मध्ये, कामगारांना त्यांच्या नोकरीच्या नोंदींचा उतारा देऊन चुका कळवायला सांगितलं होतं. आजोबा तेव्हा नोकरीत होते का ते पाहा. असतील तर त्या ‘सर्व्हिस एक्सर्प्ट’ची प्रत मागा. त्यावर कामगाराने स्वतः मान्य केलेली माहिती आणि घरातल्या माणसांची यादी असते, त्यामुळे फॉर्म बीपेक्षा ती घरच्या आठवणीशी जास्त जुळते.

वंशावळीत एकच जन्मवर्ष ठोकून बसवू नका. ‘फॉर्म बीनुसार’, ‘घरच्या सांगण्यानुसार’ असं दोन्ही लिहा.

प्रश्न: आजोबांचं खाणीतलं नाव म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या साळ्याचं नाव होतं, असं आत्या दबक्या आवाजात सांगते. असं व्हायचं का? आणि ते कागदावर आणावं का? (माजरी)

व्हायचं, आणि सगळ्या कोलियरी-वस्त्यांना हे माहीत असतं. नाव लागलं एकाचं, तो गावी निघून गेला किंवा खाली उतरायला घाबरला, आणि त्याच्या नावावर भाऊ, साळा, भाचा कामावर गेला. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी कामगारांच्या याद्या पक्क्या झाल्या, तेव्हा हीच नावं कायम झाली. त्याआधी ठेकेदाराच्या मजुरांची नोंद त्याच्याच वहीत असायची, आणि तो गेला की वहीही जायची.

ताडून बघायला तीन खुणा आहेत. पहिली अंगठा: फॉर्म बीवरचा आणि घरातल्या एखाद्या खरेदीखतावरचा किंवा बँकेच्या कागदावरचा डावा अंगठा तज्ज्ञाला दाखवता येतो, मात्र दोन्ही ठसे स्पष्ट हवेत. झेरॉक्सवर काही होत नाही, जवळून काढलेला फोटो चालतो. दुसरी खूण नॉमिनेशन: नाव साळ्याचं पण बायको-मुलं आजोबांची, असं दिसलं तर प्रश्न मिटला. तिसरी म्हणजे गाव: रजिस्टरात सासुरवाडीचं गाव मूळ गाव म्हणून आलेलं असतं.

कागदावर आणायचं का, याचं उत्तर कुणाचं पेन्शन चालू आहे त्यावर आहे. आजी किंवा दुसरं कुणी त्या नावावर कुटुंब-पेन्शन घेत असेल, किंवा त्या नोकरीवर घरातल्या कुणाला आश्रित म्हणून नोकरी लागली असेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा छापील वंशावळीत हा उल्लेख करू नका. घरच्या वहीत आत्याच्या शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. साळ्याच्या मुलांनाही विचारा. त्यांच्या घरात याच गोष्टीची दुसरी बाजू असते, आणि ती नेहमीच गोड असेल असं नाही.

प्रश्न: आजी सांगायची, ती ‘खाली’ उतरून कोळसा भरायची. बाबा म्हणतात, बायकांना खाली बंदी होती. खरं कोण? (बल्लारपूर)

वर्ष सांगा, मग निकाल लागेल. १९२९ च्या नियमांनी बायकांना जमिनीखालच्या कामातून टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं आणि १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये सरकारने ती उठवली. १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू केली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. म्हणजे आजी १९४३ ते १९४५ या काळात किंवा १९३७ च्या आधी कामाच्या वयाची असेल, तर तिचं म्हणणं सरळ खरं. १९५० नंतरचं सांगत असेल तर ‘खाली’ म्हणजे बहुधा खुली खाण किंवा रेल्वे सायडिंगची खाच.

तिची नोंद मिळणं कठीण. मलकट्टा नवरा आणि भरणारी बायको ही जोडी असे, टब नवऱ्याच्या नावावर चढे आणि मजुरीही त्याच्याच हातात पडे. वरच्या कामावर (कोळसा निवडणं, वॅगन भरणं) गेलेल्या बायका मात्र फॉर्म बीत सापडतात, ‘कामिन’ (स्त्री कामगार) म्हणून आणि नवऱ्याच्या नावासकट. १९४१ पासून खाणीतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता कायद्याने मिळू लागला. पगारपत्रकाची पानं हाती लागली तर तो भत्ता दिल्याची तारीख बघा. वडिलांची किंवा आत्याची खरी जन्मतारीख त्याच्या आसपास असते.

प्रश्न: पणजोबा छिंदवाड्याकडच्या खाणीत पाणी शिरून गेले, असं ऐकलं आहे. वर्ष माहीत नाही. (नागपूर)

पाणी शिरून झालेला त्या भागातला सर्वांत मोठा अपघात न्यूटन चिखली खाणीतला, १० डिसेंबर १९५४ चा. साठाहून जास्त माणसं गेली. तुमच्या घरची गोष्ट तिथलीच आहे असं लगेच धरू नका, लहान अपघातही बरेच झाले. घरात आठवण कशी सांगतात ते नीट ऐका: थंडीचे दिवस होते का, एकाच वेळी गल्लीतल्या किती घरांत दुखवटा होता, प्रेत मिळालं का आणि किती दिवसांनी. पाण्याच्या अपघातात उपसा होईपर्यंत प्रेतं मिळत नाहीत. ‘छत पडलं’ असं सांगत असतील तर ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळालेलं असतं. कथेत दोन अपघात मिसळले असतील तर ते इथे उघडं पडतं.

कागदांचा क्रम असा घ्या. खाण निरीक्षकांच्या वार्षिक अहवालात प्राणघातक अपघात येतात. नाव बहुधा नसतं, पण खाण, तारीख, कारण आणि मृतांची संख्या मिळते. हे खातं आज धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालय म्हणून आहे. तारीख मिळाली की नागपूरच्या वर्तमानपत्रांचे पुढच्या आठवड्याचे अंक बघा. मग त्या पोलीस ठाण्याची मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद.

पण नातलगांसाठी सोन्याचा कागद वेगळाच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानुसार, कामगार दगावला तर मालकाला रक्कम आयुक्ताकडे भरावी लागायची. परस्पर विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाईत धरत नसत. आयुक्त मग आश्रित कोण हे ठरवून वाटणी करायचा. म्हणजे त्या फायलीत विधवा, मुलं, म्हातारे आईबाप यांची नावं, वयं, गाव आणि कुणाला किती मिळालं हे असतं. आयुक्ताचं काम काळानुसार वेगवेगळ्या अधिकाऱ्याकडे होतं, म्हणून छिंदवाड्याच्या जिल्हा अभिलेख कक्षात आणि कामगार न्यायालयात, दोन्हीकडे विचारा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. त्यामुळे सचिवालयाच्या पातळीवरचे कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात आणि भोपाळला असे विभागलेले असू शकतात.

प्रश्न: फॉर्म बीवरून मूळ गाव कळलं. जमीन कधीच नव्हती, तर गावात काय मिळणार? (चंद्रपूर)

सातबारा मिळणार नाही, कोतवाल बुक मिळेल. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल सांगे, त्याची ही नोंदवही. तालुक्याच्या अभिलेख कक्षात असते. जातपडताळणीसाठी लोक ती रोज काढतात, त्यामुळे नक्कल देण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. जमीन असो-नसो, जन्म सगळ्यांचेच लिहिले जायचे.

वाचताना अडचण अशी येते: जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव नसतं. बारशाआधी नोंद व्हायची, म्हणून बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. तेव्हा पणजोबांच्या नावाखाली जन्मलेली सगळी मुलं क्रमाने उतरवून घ्या, मृत्यूच्या पानांवरून गेलेली वजा करा, आणि उरलेल्यांत आजोबांना बसवा. १९३० च्या आधीची पानं मोडीत असू शकतात. घरबसल्या अंदाजाने वाचू नका, जाणकाराकडून पानभर लिप्यंतर करून घ्या. सोबत गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा, आजोबा शाळेत गेले नसले तरी त्यांचा एखादा भाऊ गेलेला असतो.

प्रश्न: आम्ही राजुरा तालुक्यातले. जुने कागद चंद्रपूरला नाहीत म्हणतात.

बरोबर म्हणतात. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला आला. त्याआधीचे महसुली कागद उर्दूत आहेत आणि वरच्या पातळीवरचे हैदराबादच्या पुराभिलेखागारात. तारखा फसली (जुन्या महसुली) सनात असतील तर साधारण ५९० मिळवा.

प्रश्न: वस्तीच खुल्या खाणीत गेली. आजोबांचं घर नेमकं कुठे होतं, ते नकाशावर दाखवता येईल का? (वणी तालुका)

बऱ्याच अंशी येईल. कोळशासाठी जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. त्यातल्या कलम ४, ७ आणि ९ च्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापल्या जातात. कलम ९ ची काढा. त्यात गाव, हेक्टर आणि घेतलेले सर्व्हे नंबर असतात. ते नंबर हातात घेऊन तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून संपादनाआधीचा गावनकाशा मागा.

गावठाणातली घरं सर्व्हे नंबरने सापडत नाहीत. त्यासाठी घरांचं मूल्यांकनपत्रक लागतं, ते कंपनीच्या एरिया कार्यालयातल्या जमीन-महसूल विभागाकडे असतं. कुणाचं घर, किती खण, विहीर, गोठा, झाडं, सगळं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुनर्वसित गावाच्या पंचायतीकडे गेलेला असतो, त्यात शेजाऱ्यांचा क्रम मिळतो. देऊळ, विहीर आणि शाळा नकाशावर पक्की करून त्या क्रमाने घरं भरत जा, आणि कच्चा नकाशा पुनर्वसित गावातल्या दोन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांना वेगवेगळा दाखवा. एकत्र बसवलंत तर मोठ्या आवाजाचा नकाशा तयार होतो. कोलियरीच्या क्वार्टरचं मात्र वेगळं: ती कंपनीची, त्यांची नोंद वाटपाच्या रजिस्टरात.

प्रश्न: मोठे मामा ८४ वर्षांचे, लोडर होते. त्यांच्याकडून माहिती कशी काढावी? विचारलं की ‘काय सांगू, कोळसा भरला’ म्हणतात. (उमरेड)

‘तुमचं आयुष्य सांगा’ असं विचारलं की असंच उत्तर येतं. कामाचं विचारा. पहिल्या पाळीला घरून किती वाजता निघायचे, सोबत कोण, डब्यात काय. बत्ती कुठून घ्यायची, नंबर कोण लिहायचा. टब किती माणसांत, दिवसाला किती. मजुरीचं जुनं माप ३६ घनफुटांच्या टबाचं. कमी भरला म्हणून मुन्शी टब कापायचा का, हे विचारा. बोलणं इथे सुटतं. जोडीदाराचं नाव आलं की त्याचं गाव विचारा, कारण एकाच गावचे लोक एकमेकांना कामाला आणत आणि त्यातून तुमच्या घराची वाट मागे जाते.

लोडरला धुळीने दम लागतो आणि स्फोट-ड्रिलच्या आवाजाने कान गेलेले असतात. पंख्याचा आवाज बंद करा, समोर बसून ओठ दिसतील असं बोला, अर्ध्या तासावर ताणू नका. सकाळची वेळ बरी. वर्षं विचारू नका, घटना विचारा: राष्ट्रीयीकरणाच्या आधी की नंतर, थोरल्या मुलीच्या लग्नाआधी की नंतर. दर पाच वर्षांच्या तपासणीचे कागद, छातीचा एक्स-रे घरात असेल तर त्यावरचा नंबर आणि तारीख टिपून घ्या.

प्रश्न: जुन्या पावत्यांना लॅमिनेशन करून घेतलं तर टिकतील ना? (भद्रावती)

करू नका. उष्णतेने कार्बनची अक्षरं पसरतात, शिक्क्याची शाई फुटते, आणि एकदा चिकटलं की काढता येत नाही. घड्या हाताने हळू उघडा, सेलोटेप लावू नका. सावलीतल्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कडेला पट्टी ठेवून. मागच्या बाजूला पेन्सिलने काही लिहिलेलं असेल तर तिरप्या उजेडात वेगळा फोटो घ्या. उधारीचा हिशेब आणि गावचा पत्ता बऱ्याचदा तिथेच असतो. मग साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि डब्यात डांबरगोळी टाकू नका. बिल्ल्याला चिंच लावून चकचकीत करायचा मोहही आवरा, कोरलेला नंबर त्याने झिजतो.